पेटीतला कशिदा भिंतीवर लावताना

(मिरजेत तरुण-तरुणींच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा बहुतांशी तशीच ठेवली आहे.)



घरातल्या जुन्या हस्तकामानं घर कसं सजवावं, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. फोनवर ते म्हणाले, "मॅडम, दोन दिवस सगळं गंभीर झालंय. कायदा झाला, शिष्यवृत्त्या झाल्या, नोकऱ्या झाल्या. तुमचं जरा हलकंफुलकं असू दे." मी तीस वर्षं शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवली. आमचा तास कायम शेवटचा असायचा आणि गणिताच्या सरांना जादा तास हवा असला की पहिली गदा आमच्यावरच यायची. त्यामुळे 'हलकंफुलकं' या शब्दाची मला सवय आहे.

आधी एक विचारते. घरी लोखंडी पेटी किंवा ट्रंक कुणाकुणाच्या आहे? बरेच हात आले. त्या पेटीच्या तळाशी अम्मीनं, दादीनं, नानीनं हातानं केलेलं काही आहे, हे कुणाला माहीत आहे? आता हात कमी झाले. आणि त्यातल्या एखाद्या वस्तूवरचा टाका कोणता, ती कधी केली, कुणासाठी केली, हे सांगता येईल असे किती? दोन. चला, दोन तर दोन.

बाकीच्यांसाठी मी पेटी उघडून दाखवते, कारण मी अशा बऱ्याच पाहिल्या आहेत. झाकण उचललं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. मग वर्तमानपत्राचा थर. त्याखाली क्रोशाचा टेबलक्लॉथ, मॅटीवर क्रॉस स्टिचनं भरलेला मोर, साखळी टाक्याची वेल असलेले तक्क्याचे गिलाफ. ईदला शीरखुर्म्याचं ताट शेजारी पाठवताना वर टाकायचा ख्वानपोश. दस्तरखान. कुराणशरीफचं जुजदान, मखमलीचं, कडेला किरण लावलेलं. काचमण्यांचं तोरण. जाळीच्या टोप्या, लहान बाळाच्या मुठीएवढ्या. आणि टीव्ही घरात आला त्या साली केलेलं टीव्हीचं कव्हर, मग मिक्सरचं, मग फ्रीजच्या हँडलचं. सपाट टीव्ही आले आणि क्रोशाची एक अख्खी शाखा बंद पडली, त्याबद्दल कुणी शोकसभा घेतली नाही.

या वस्तू कधीच मांडल्या गेल्या नव्हत्या असं मात्र समजू नका. त्या मांडल्या होत्या, पण एकदाच. लग्नाच्या आधी जहेज मांडून दाखवायची पद्धत आपल्या अनेक घरांत होती, काही ठिकाणी अजून आहे. खाटेवर चादर अंथरायची आणि त्यावर सगळं रचायचं. सासरच्या बायका यायच्या, गिलाफ मोजायच्या, क्रोशा बारीक आहे की जाड ते बोटांनी चाचपायच्या. मुलगी सुघड आहे की नाही याची ती परीक्षा. जी पोरगी दोन-तीन वर्षं दुपारच्या दुपारी मान मोडून बसली होती, ती त्या वेळी आतल्या खोलीत. तिला कुणी विचारत नसे की ही वेल तुला कुठून सुचली, हा निळा दोरा कुठून मिळवलास. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पेटीत, पेटी टेम्पोत आणि टेम्पो सासरी. तिथं "चांगलं आहे, जपून ठेवू" म्हणून ते जे तळाशी गेलं ते चाळीस वर्षं तिथंच.

म्हणजे ही कामं मांडण्याचा एक रिवाज आपल्याकडे आधीच होता, आणि त्यात करणारी बाई सोडून सगळं दिसायचं. तुम्ही आता तेच कापड काढून दिवाणखान्यात लावणार, इन्स्टावर फोटो टाकणार. लावाच. मी त्याच बाजूची आहे. पण करणारी त्यातूनही दिसली नाही तर खाटेवरचं जहेज आपण भिंतीवर टांगलं, एवढंच होईल.

हे मला पहिल्यांदा जाणवलं ते एका गिलाफामुळे. एका विद्यार्थिनीनं तिच्या दादीनं भरलेला गिलाफ वर्गात आणला होता. जुन्या गिलाफांवर अक्षरं असतात हे तुम्ही पाहिलं असेल. कुणी उर्दूत बिस्मिल्लाह काढलेलं, कुणी देवनागरीत 'सुस्वागतम', कुणी इंग्रजीत 'गुड नाईट', 'स्वीट ड्रीम्स'. एकेका घरात तिन्ही लिप्या. आपल्या मराठी मुसलमानांच्या घरात भाषा कशा नांदतात ते बघायला गिलाफ पुरेत. तर या गिलाफावर इंग्रजीत 'वेलकम' होतं आणि त्यातलं एक अक्षर आरशात बघावं तसं उलटं भरलेलं. पोरी हसल्या. मी टाके बघितले. गाठीचा टाका, एकाशेजारी एक, सगळे एका मापाचे. इतका सफाईदार हात मला वर्गात कुणाचा दिसला नव्हता. त्या बाईंनी कार्बन कागदानं छाप उतरवला, उतरवताना ते अक्षर उलटं पडलं, आणि तिला ते कळण्याचं काही कारणच नव्हतं. तिला इंग्रजी तर नाहीच, कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. अक्षर न ओळखणारीनं अक्षर भरलं होतं. त्या गिलाफाला चौकट करून लावायची तर ही गोष्टही त्याच्याबरोबर लावायला हवी, नाहीतर येणारा पाहुणा फक्त चूक बघेल.

इंग्लंडमध्ये रोझिका पार्कर यांचं या विषयावर १९८४ साली एक पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भरतकामानं बायकांना गप्प, मान खाली घालून बसायला शिकवलं, आणि त्याच भरतकामात बायकांनी स्वतःचं असं काहीतरी राखलंही. दोन्ही एकाच सुईनं. मी स्वतः शिवणाची शिक्षिका असल्यामुळे मला हे पटायला पुस्तकाची गरज नव्हती. ज्या घरांतून मुलींना सातवीनंतर शाळेतून काढलं, त्याच घरांतून मला निरोप यायचे, "मॅडम, घरी येऊन शिवण शिकवाल का?" आणि त्याच मुली दोऱ्याचे रंग निवडताना जसा हट्ट करायच्या तसा दुसऱ्या कुठल्याच बाबतीत करायची त्यांना मुभा नव्हती.

आता जरा आपल्या गावाकडे बघा. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी पिढ्यानपिढ्या काम करत आली, त्यातली कितीतरी आपल्या समाजातली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला. दुकानावर घराण्याची पाटी असते, कारागीर कुणाचा मुलगा, कुणाचा शागीर्द हे लोक सांगतात. माझ्या शेजारच्या एक आपा याच वाद्यांच्या गवसण्या शिवायच्या. आत कापूस, वर तिरप्या टिपा, गळ्याच्या भागाला वेगळा काप. तंबोरा मुंबईला जाताना पहिला धक्का खायचा तो त्या गवसणीनं. गवसणीवर नाव कुणाचं? कुणाचंच नाही. आपांना मी एकदा म्हटलं, आतून आपलं नाव घाला की. त्या म्हणाल्या, "अगे, गिलाफ पे कौन नाम डालता? नाम तो साज पे रहता." साजाचं नाव राहावंच. पण गिलाफालाही हात लागलेत.

हेच चित्र मोठ्या प्रमाणावर बघायचं तर अहमदाबादला जा. तिथं कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे, १९४९ मध्ये सुरू झालेलं, भारतीय कापडाचा फार मोठा आणि देखणा संग्रह. भरतकाम, छपाई, मशरू, पटोळं, बघून डोळे निवतात. आणि त्याच शहरात दर्यापूर भागात मुस्लीम बायका घरी बसून गिरण्यांतून आलेल्या चिंध्यांच्या खोळी शिवायच्या. व्यापाऱ्याकडून चिंध्या आणायच्या, जोडायच्या, परत द्यायच्या आणि नगावर मिळतील ते पैसे घ्यायचे. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'सेवा'नं या बायकांना संघटित केलं, मजुरीसाठी भांडण झालं आणि पुढे 'सबिना' नावाची त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. एकाच गावात एक कापड काचेमागे, दुसरं नगावर. दोन्ही हातानं जोडलेलं. तुम्ही घरात जे काही लावाल ते लावताना या दुसऱ्या कापडाची आठवण ठेवा, कारण आपल्या बहुतेकांच्या घरातलं काम त्याच जातीचं आहे.

घरगुती वाकळीला काचेमागे जागा कधीच मिळाली नाही, असंही नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक छोटी वस्ती आहे, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या शेतमजुरांच्या वंशजांची. तिथल्या बायकांनी थंडीपासून वाचायला जुन्या कामाच्या कपड्यांच्या, विजारींच्या वाकळी शिवल्या. २००२ मध्ये त्या वाकळी संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातसुद्धा, आणि प्रत्येकीखाली करणारीचं नाव. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. पुढे काहीजणींनी पैशांवरून आणि हक्कांवरून न्यायालयात दावेही लावले, आणि मला तोही भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो. नाव झालं की हिशेब विचारायची हिंमत येते.

त्याहून जवळचं उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातलं. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या पट्ट्यात सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची वाकळ शिवतात, तिला कवंदी म्हणतात. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत घालत मध्याकडे जायचं. आपल्याकडच्या गोधडीची चालही तीच. पण कवंदीच्या चार कोपऱ्यांना एकावर एक त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला 'फुला' म्हणतात. फुला नसेल तर कवंदी नागडी, असं त्या सांगतात. ऊब द्यायला फुल्याचा काही उपयोग नाही. तरी तो हवाच. गरिबीत शिवलेल्या वाकळीलाही शोभा लागते, हे ज्यांना पटत नाही त्यांनी ती कवंदी बघावी.

आणि तरुण मंडळींना ठाऊक असलेलं एक. पॅलेस्टाइनचं तत्रीज तुमच्या फोनवर रोज येतं. गावागणिक वेगळे नमुने, झेंड्यावर बंदी होती त्या काळात बायकांनी झेंड्याचे रंग झग्यावर भरले, २०२१ मध्ये युनेस्कोनं त्या कलेची नोंद घेतली, हे सगळं तुम्ही मला तोंडपाठ म्हणून दाखवाल. चांगलंच आहे. फक्त मगाशी तिसऱ्या प्रश्नाला दोनच हात वर आले होते, तेवढं लक्षात असू द्या.

बरं. आता ज्यासाठी मला बोलावलं ते.

पेटी काढली की लगेच धुवायला घेऊ नका. पिवळा डाग दिसला की आपला हात आधी बादलीकडे जातो. थांबा. आधी कापड उजेडात पसरा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. उलट्या बाजूचा फोटो नक्की घ्या. आम्ही शिक्षक परीक्षेत आधी कापड उलटं करून बघतो, दोरा कुठं संपवला, गाठ कशी लपवली, तिथं खरा हात कळतो. शिवाय उलट्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे दोऱ्याचा मूळ रंग तिथं दिसतो. पुष्कळदा पुढून फिकट गुलाबी वाटणारं फूल मागून लालभडक निघतं.

मग रंग तपासायचा. पांढरं सुती फडकं ओलं करून एकेका रंगावर मागच्या बाजूनं दाबून धरा. फडक्यावर लाल किंवा हिरवा उतरला तर ते कापड घरी धुवायचं नाही, नुसतं झटकून, मऊ कुंचल्यानं धूळ काढून ठेवायचं. जुने लाल दोरे फार दगाबाज. रंग पक्का असेल तर रिठ्याचं कोमट पाणी किंवा अगदी सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही, पंचात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत सपाट पसरायचं. क्रोशा ओला असताना दोरीवर टांगला की स्वतःच्या वजनानं लांबतो आणि मग कितीही इस्त्री करा, गोल मेजपोश लंबगोलच राहतो. इस्त्री मागून करायची, खाली टॉवेल घेऊन, म्हणजे टाके चेपत नाहीत. जरी, सलमा-सितारा, रेशीम यांना पाणी लावूच नका.

चौकट करून घ्यायला दुकानात दिलं तर समोर उभं राहून सांगा: गोंद नाही. कापड फळीला चिकटवलं की ते कायमचं गेलं. फळीवर धुतलेलं मांजरपाट ताणून घ्यायचं आणि त्यावर आपलं कापड कडेनं बारीक टाक्यांनी शिवायचं, उद्या उसवता येईल असं. स्टेपलर नको, पिना गंजतात आणि पावसाळ्यात कापडावर तांबूस डाग येतात. काच आणि कापड यांच्यामध्ये पुठ्ठ्याची जाड पट्टी घालून अंतर ठेवायला लावा. काच कापडाला टेकली की ओलाव्यानं बुरशी धरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, म्हणून पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा, आतली भिंत निवडा. खिडकीसमोर नको. स्वयंपाकघरात तर नकोच, फोडणीचा धूर कापड पितं.

गोधडी किंवा मोठी चादर लावायची असेल तर खिळे ठोकून कोपरे ताणू नका. मागच्या बाजूला वरच्या कडेला आडवा नेफा शिवा, सलवारीला शिवतो तसाच, पण रुंद. त्यात लाकडी पट्टी घाला. वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. आणि तीन-चार महिन्यांनी उतरवून दुसरं लावा. कापडालाही विश्रांती लागते. उतरवलेलं ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या मलमलीत, आणि घडी दरवेळी वेगळ्या जागी. एकाच घडीवर चाळीस वर्षं राहिलेलं कापड त्या रेषेवर फाटतं. छोटं काम असेल तर घडीच नको, नळीवर गुंडाळा. डांबराची गोळी कापडाला टेकू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात. आमची नानीमा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायची, तोही चालतो, फक्त दरवर्षी बदला.

लावण्यासारखं काय आणि वापरण्यासारखं काय, हे मात्र मी सांगणार नाही, ते घराघरावर आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर दस्तरखान पसरण्यासाठी असतो आणि जुजदान कुराणशरीफसाठी. ती भिंतीवर नेऊन शोभेची केली तर मला चुकल्यासारखं वाटेल. ख्वानपोश मात्र आता ताटावर कुणी टाकत नाही, झाकणाचे डबे आले, त्यामुळे त्याची सुटका करायला हरकत नाही. मोर-पोपट भरलेलं लावावं का, असं मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. ज्या घरात नको वाटतं तिथं वेलबुट्टीचं लावा, मोर पेटीत राहू दे. नानीच्या मोराला कात्री लावून त्याचं फूल करू नका, एवढंच. हे मी गमतीनं म्हणत नाही, असा एक मोर मी पाहिला आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. मांजरपाटाची बोटभर रुंद पट्टी घ्या, तिच्यावर न पसरणाऱ्या शाईनं लिहा किंवा दोऱ्यानं भरा, आणि कापडाच्या मागे शिवा. काय लिहायचं? करणारीचं पूर्ण नाव. 'अम्मी' नाही, 'दादीजान' नाही. गाव. साधारण साल. टाका. कुणाकडून शिकली, ते माहीत असेल तर तेही. नाव कोणतं, हा प्रश्न येईल. तिनं हे लग्नाआधी केलं असेल तर तेव्हा तिचं जे नाव होतं ते लिहा. लग्नानंतर नाव बदलायला आपल्याला धर्मानं सांगितलेलं नाही, ते इथल्या रिवाजानं आलं आहे, पण त्यामुळे झालंय असं की जहेजातल्या कापडांची मालकीण आज घरातल्या एकाही कागदावर सापडत नाही. रेशनकार्डावर नाव दुसरंच. ती पट्टी बहुधा एकमेव जागा असेल. चौकट असेल तर पुढे खालीही एक छोटी चिठ्ठी लावा, संग्रहालयात लावतात तशी. लोक हसतील. हसू द्या, वाचतील तरी.

हे लिहायचं म्हणजे तिला विचारावं लागेल. ती हयात असेल तर आधी हे विचारा की लावू का. इथं मला माझ्या खालेबद्दल सांगायचं आहे.

खालेकडे क्रोशाचा एक मेजपोश आहे. मध्ये अननसाचा नमुना, भोवती पंख्यासारख्या कळ्या, दोरा इतका बारीक की हातात घेतला तर दुधाच्या सायीसारखा घरंगळतो. मी या धंद्यात आयुष्य घालवलं, पण तसा मी केलेला नाही. तिच्या नातींनी नवीन फ्लॅट घेतला तेव्हा ठरवलं, हा मोठ्या चौकटीत घालून सोफ्यामागे लावायचा. चौकटवाला ठरला, माप झालं. खाला म्हणाली, "दिवाल पे नक्को. मेरेकू रोज देखना पडेगा." पोरींना वाटलं नजर लागेल म्हणून म्हणते. पुन्हा पुन्हा विचारल्यावर तिनं सांगितलं. हा मेजपोश तिनं सातवी झाल्यानंतरच्या वर्षात केला. शाळा लांब होती, भाऊ दोघं जात होते, तिला घरी बसवलं. शेजारच्या एका बाईंकडून क्रोशा शिकायला लावलं, पोरगी रडत बसायला नको म्हणून. अननस मोजून करावा लागतो, एक घर चुकलं तर सगळं उसवायचं, आणि तिचं गणित चांगलं होतं. घरातले अजून म्हणतात, "काय सुंदर काम, काय चिकाटी." तिला त्यात ते वर्ष दिसतं.

तो मेजपोश पुन्हा पेटीत गेला. कुणी जबरदस्ती केली नाही. मग ती स्वतःच म्हणाली, लावायचंच असेल तर ती गोधडी लावा. ती गोधडी तिनं साठी उलटल्यावर केली, नातींच्या शाळेच्या जुन्या गणवेशांची. निळे पिनाफोर, पांढरे शर्ट, एका कोपऱ्यात शाळेचा बिल्लासुद्धा तसाच शिवलेला. टाके वाकडे आहेत, तेव्हा मोतीबिंदू होता. कलेच्या हिशेबानं मेजपोशाच्या पासंगाला पुरणार नाही. सोफ्यामागे आज तीच आहे. मागे पट्टी आहे, तिच्यावर नाव नातीनं नाही, खालेनं स्वतः भरलं आहे, मराठीत, शाळेतल्या वळणदार अक्षरात.

ज्यांच्या घरची विचारण्यासारखी माणसं उरली नाहीत, त्यांनी त्यांच्या बहिणींना, मैत्रिणींना विचारा. ज्या बाया दुपारी एकत्र बसून क्रोशा करायच्या त्यांतली एखादी मोहल्ल्यात अजून असते. तिला कापड दाखवलं की नाव सांगते. हात ओळखतात त्या, आपण अक्षर ओळखतो तसा.

थोडं बाजाराबद्दल, कारण तुमच्यातले काहीजण घर लावताना 'हॅन्डमेड' शोधून विकत घेतात. घ्या. पण लखनौच्या चिकनचं उदाहरण ध्यानात ठेवा. २००८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, देशभर नाव आहे. बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके घालणाऱ्या बहुसंख्य बाया मुस्लीम आहेत, घरी बसून ठेकेदाराकडून नगावर काम घेतात, आणि दुकानातल्या किमतीत त्यांचा वाटा फार लहान असतो. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा एक करार आहे, १७७ क्रमांकाचा. भारतानं तो मान्य केलेला नाही. तुमच्यातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी यावर लिहावं, मी वाट बघते. आणि विकत घेताना दुकानदाराला एवढं विचारा, हे कुणी केलं. उत्तर मिळालं नाही तरी विचारा. दहाव्या गिऱ्हाइकानं विचारलं की तो शोधायला लागतो.

मुलांनाही एक सांगायचं आहे, कारण मघापासून मागच्या रांगेतले भाऊ फोन बघतायत, त्यांना हा विषय बहिणींचा वाटतोय. जरदोजीच्या कारखान्यांतून अड्ड्यावर बसून सुई चालवणारे बहुतेक पुरुषच असतात. बाजारात पैसे मिळतात तिथं सुई पुरुषाची होते, घरात फुकट असते तिथं बाईची. तेव्हा पेटी उघडायचं, नेफा शिवायचं, पट्टीवर नाव भरायचं काम तुम्ही करा. धावदोरा पाच मिनिटांत येतो. मी शिकवते.

संयोजक घड्याळ दाखवतायत. जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात बसणार आहे. ज्यांनी घरून कापडं आणली आहेत त्यांनी तिथं घेऊन या, रंग उतरतो का ते तपासू. पांढरी फडकी आणि रिठ्याचं पाणी माझ्याकडे आहे. मांजरपाटाच्या पट्ट्या कापून आणल्यात, सुया-दोराही आहे. ज्यांनी कापड आणलं नाही त्यांनी तोवर घरी फोन लावा आणि विचारा, पेटीत काय आहे, कुणी केलंय, आणि त्या वेळी तिचं नाव काय होतं.